करंजवेढ्याची तहकूब ग्रामसभा

करंजवेढ्याची ग्रामसभा माझ्यामुळे मोडली. मी त्या गावचा नव्हतो, गावात माझं काही काम नव्हतं, आणि मी जे बोललो ते शब्दन्‌शब्द बरोबर होतं. तरीही मोडली. खरं म्हणजे ते बरोबर होतं म्हणूनच मोडली.

ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांनी पाहिला आहे त्यांनी खुशाल हसावं. तिथले लोक तर माझ्या तोंडावरच हसले.

भिंगार

मी चिपळूणचा. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालो. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती मी इतकी वर्षं शिकवली की बायको म्हणते, झोपेतही तिचीच कलमं पुटपुटतो. पंचायतींना घटनेत पक्की जागा मिळाली, दर पाच वर्षांनी निवडणूक आली, बायकांना आणि दलितांना राखीव जागा मिळाल्या, आणि गावातल्या सगळ्या मतदारांनी एकत्र बसून ठरवायचं अशी ग्रामसभा आली. हे सांगताना मी फळ्यावर बाण काढायचो. ‘घटनादुरुस्ती’पासून निघालेला बाण ‘ग्रामसभे’कडे, तिथून ‘निधी’कडे, आणि शेवटचा ‘गरिबी कमी’ या चौकोनाकडे. बाण अगदी सरळ जायचे. फळ्यावर खड्डे नसतात.

प्रत्यक्ष ग्रामसभेला मात्र मी जन्मात एकदाही बसलो नव्हतो. शहरात राहणाऱ्याच्या नशिबी ग्रामसभा नसते. माझ्या नशिबी आमची हाउसिंग सोसायटी आली, आणि तिचा सेक्रेटरी मीच. त्यामुळे सभा कशी चालते हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असा माझा समज होता. हा समज पुढे कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

मार्च संपत आलेला. भाची मंजिरी भिंगारला असते. तिचा नवरा मोहन छावणीत सिव्हिल स्टाफमध्ये कारकून आहे. चार दिवस जाऊन येतो म्हटलं. तिकिटावर अहिल्यानगर, बसच्या पाटीवर अहिल्यानगर आणि कंडक्टरच्या तोंडात ‘नगर, नगर’. उतरलो तेव्हा ऊन असं होतं की सावलीतसुद्धा डोळे बारीक करावे लागत होते. माझ्या हातात छत्री होती. कोकणातला माणूस चप्पल विसरेल, पण छत्री नाही. रिक्षावाल्याने छत्रीकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “छत्री आणली ते ठीक, पण पाऊस कुठं ठेवला?” पुढचा सगळा प्रवास लोकांनी हाच विनोद निरनिराळ्या शब्दांत केला.

भिंगारचा जुना बाजार आणि छावणीचे रस्ते यांच्यात एका भिंतीचं अंतर आहे. भिंतीच्या एका बाजूला झाडांच्या बुंध्यांना शिस्तीत चुना लावलेला, दुसऱ्या बाजूला हातगाडीवरच्या द्राक्षांवर माश्या. दोन दिवस मी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी फिरलो, गुडघा दुखावून घेतला आणि कंटाळलो. तेव्हा मोहन म्हणाला, “मामा, आमच्या ऑफिसातल्या गौतमची वहिनी सरपंच आहे, सोनईच्या पलीकडं. गुरुवारी ग्रामसभा आहे तिची. तुम्ही एवढी वर्षं शिकवलंत, एकदा बघून तरी या कसं असतं ते.”

त्याने ‘बघून या’ म्हटलं होतं. हे मी आता अधोरेखित करतो. तेव्हा केलं नाही.

करंजवेढे

सोनईच्या स्टँडवर मला घ्यायला सरपंचबाईंचे यजमान आले होते, स्वतःचा छोटा टेम्पो घेऊन. भास्कर त्यांचं नाव. आम्हा शिकलेल्या लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की बाई सरपंच असली की कारभार नवराच बघतो. मी बसल्या बसल्या डोळा मिचकावत विचारलं, “म्हणजे पंचायतीचं सगळं तुम्हीच बघता ना?”

“मी टेम्पो बघतो,” भास्कर म्हणाला. “पंचायतीचं तिला इचारा. आणि पाय जरा वर घ्या सर, खाली डिझेलचा डबा हाय.”

डबा मी तोवर लवंडला होता.

रस्ता सपाट. एका अंगाला उसाचे फड, कालव्याच्या पाण्यावर माजलेले, हिरवेगार. दुसऱ्या अंगाला कांदा. काढून वाफ्यांत पसरलेला, वर पात वाळत पडलेली, आणि टेम्पोच्या खिडकीतून थेट डोळ्यांत येणारा त्याचा वास. मग एक कोरडा ओढा लागला. ओढ्यापर्यंत हिरवं, आणि ओढ्यापलीकडे माळ. त्या माळावर पत्र्याची आणि सिमेंटची घरं, मध्ये निळा झेंडा. “ती आमची वस्ती,” भास्कर म्हणाला. कालव्याचं पाणी ओढ्याशी येऊन थांबलं होतं, आणि गावच्या नळाचंही.

सरपंच सुनंदाताई शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरून घेत होत्या. चाळिशीच्या आतबाहेर, आवाज बारीक, नजर सगळीकडे. मला खुर्ची दिली. मी नको नको म्हणत बसलो. सभेला तीसएक माणसं. टोप्यावाले म्हातारे, बचतगटाच्या चार बायका, आणि मागे मोटारसायकलवर बसूनच सभा ऐकणारी काही तरुण मंडळी. ग्रामसेवक हजेरीच्या सह्या घेत होते. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं.

विषय मला आधीच कळला होता. पंचायतीच्या हाती त्या वर्षीचा निधी होता, आणि तो एकाच मोठ्या कामाला पुरणारा. सुनंदाताईंना ओढ्यापलीकडे वस्तीत पाइपलाइन न्यायची होती. उपसरपंचांना गावाच्या वेशीवर स्वागतकमान हवी होती. या उपसरपंचांना सगळे अण्णा म्हणत. पांढरे कपडे, गोड बोलणं, आणि चाळीसेक बिघे कांदा. आजूबाजूच्या सगळ्या गावांना कमानी झाल्या, आपलं गाव उघडं दिसतं, हे त्यांचं म्हणणं. तेही अगदीच खोटं नव्हतं.

सुनंदाताई म्हणाल्या, “चिपळूणहून सर आलेत. राज्यघटना शिकवतात. सरांनी दोन शब्द बोलावेत.”

माझे दोन शब्द नेहमीच लांबतात. मी त्र्याहत्तराव्या दुरुस्तीपासून सुरुवात केली, बाण हवेतच काढले, ग्रामसभा ही गावाची संसद आहे म्हणालो. एक म्हातारा डुलकी घेऊ लागला तेव्हा त्याला जागं करायला म्हणून आवाज चढवला: “पण लक्षात ठेवा, ग्रामसभेचा प्राण म्हणजे गणपूर्ती. मतदारांपैकी शंभर जण, किंवा शेकडा पंधरा, यांत जो आकडा कमी असेल तितके लोक समोर बसलेले असल्याशिवाय ग्रामसभा ही ग्रामसभाच नव्हे. ती नुसती बैठक.”

टाळ्या वाजल्या. पहिली टाळी अण्णांची होती. मी सुखावलो. अण्णा उठले आणि हात जोडून म्हणाले, “सर लई मोलाचं बोलले. आपन आजपतुर ह्याच्याकडं ध्यानच दिलं न्हाई. भाऊसाहेब, मोजा.”

सह्यांच्या वहीवर भाऊसाहेबांचं पेन तिथंच अडलं. ते का अडलं ते मला तेव्हा कळलं नाही. करंजवेढ्यात, आणि माझ्या माहितीप्रमाणे पुष्कळ गावांत, एक रीत आहे. सभेला असतील तितकी माणसं बसतात, ठराव होतात, आणि उरलेल्या सह्या संध्याकाळी घरोघर जाऊन घेतल्या जातात, बायामाणसं कामावरून परत आल्यावर. दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं हेच केलेलं. त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. दिवसाढवळ्या शंभर माणसं जमवायची, तर शंभर जणांचा रोज बुडतो. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते कुणी मोठ्याने म्हणायचं नाही हेही. मी ध्वनिक्षेपकावरून म्हणालो.

भाऊसाहेबांनी मोजलं. मोजताना माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चष्मा पुसायला घेतला. सभा तहकूब झाली.

आता आमच्या सोसायटीतलं सांगतो. तिथे कोरम भरला नाही की सभा अर्धा तास तहकूब होते. तेवढ्यात आम्ही चहा पितो, आणि नंतर तीच माणसं त्याच खुर्च्यांवर बसून सगळं मंजूर करतात. त्यामुळे मी निवांत बसून राहिलो. माणसं गेली. मोटारसायकली गेल्या. दोघांनी माझ्या खुर्चीखालून सतरंजी ओढली, तर मी पाय उचलून दिले.

“बसा ना ताई,” मी म्हटलं. “अर्धा तास तर आहे. मग पुन्हा सुरू करू.”

सुनंदाताई खांबाला टेकून उभ्या होत्या. “अर्धा तास न्हाई सर,” त्या म्हणाल्या. “पुढला गुरुवार.”

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आवाज न चढवता. त्यांची मुदत संपत आली होती. निवडणुकीची आचारसंहिता कोणत्याही दिवशी लागणार होती, आणि लागली की नव्या कामाला हात लावता येत नाही. पुढच्या वेळी आरक्षण फिरणार, सरपंचपद खुलं होणार. ओढ्यापलीकडच्या वस्तीतून त्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई त्याच होत्या, आणि पुढे किती वर्षांनी पाळी येईल ते त्यांना सांगता येत नव्हतं.

“ठराव आज झाला असता तर सोमवारी चर खणायला घेतला असता,” त्या म्हणाल्या. “आता आठ दिवस आचारसंहिता थांबती का बघायचं.”

मला वाटलं त्या रागावतील. त्या नुसत्या दमलेल्या दिसत होत्या, आणि त्याचंच मला जास्त वाटलं.

ओढ्यापलीकडे

परतीची बस चुकली होती. ती चुकण्याचं कारण पुन्हा मीच, पण तो विषय लांबवत नाही. भास्करने मला वस्तीत, त्यांच्याच घरी ठेवून घेतलं. दोन खोल्या, भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, शेजारी बुद्धाची छोटी मूर्ती, आणि दाराबाहेर निळे ड्रम ओळीने मांडलेले. मी हात धुवायला ड्रममध्ये अख्खा तांब्या बुडवला तेव्हा शेजारची बाई “अहो अहो” करत धावली. तो प्यायच्या पाण्याचा ड्रम होता. वापरायचं पाणी बोअरचं, मचूळ, दुसऱ्या ड्रममध्ये. आमच्या चिपळूणला पाणी न विचारता घरात येतं, पंख्यापर्यंत चढतं आणि परत जायचं नाव घेत नाही. पाणी झाकून ठेवायची वस्तू असते हे हाताला माहीतच नव्हतं.

दिवस मावळायच्या सुमाराला कांद्यावरची टोळी परतली. पिकअपमधून बायका उतरल्या, तोंडाला गुंडाळलेले टॉवेल सोडत. हात काळे, अंगाला कांद्याचा वास. सगळ्यांच्या पुढे एक ठेंगणी म्हातारी. ही पारूबाई, भास्करची आई आणि टोळीची मुकादम. कुणाच्या शेतात किती दिवस जायचं आणि उक्तं घ्यायचं की रोजाने, हे ती ठरवते. सुनेने तिला उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

पारूबाईने माझ्याकडे पाहिलं. “ह्येच का ते?”

“हेच,” सुनंदाताई म्हणाल्या.

“मोठं मानूस दिसतंय,” पारूबाई म्हणाली, आणि ड्रमशी जाऊन तोंडावर पाणी मारलं, दोनच ओंजळी.

जेवायला शेंगोळी होती. हुलग्याच्या पिठाची, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेली छोटी कडबोळी. हुलगा म्हणजे आमचा कुळीथ. मी आनंदाने म्हटलं, “आमच्याकडे ह्याची पिठी करतात, आजारी माणसाला देतात.” सुनंदाताईंनी भास्करकडे पाहिलं. पाहुण्यासाठी खास केलेल्या जेवणाला आजाऱ्याचं अन्न म्हटलं हे लक्षात आल्यावर मी मान खाली घातली आणि रस्सा भुरकला. तो असा तिखट होता की पुढची दहा मिनिटं मला बोलताच आलं नाही. तेवढी दहा मिनिटं घरातलं वातावरण बरं होतं.

जेवताना कळलं ते असं. टँकर येतो, पण कोणत्या दिवशी आणि कधी, याचा नेम नाही. म्हणून रोज प्रत्येक घरातल्या एका बाईला मागे राहावं लागतं.

“टँकर आला आन्‌ घरी कुनी न्हाई, तर मग पानी बी न्हाई,” पारूबाई म्हणाली. “आन्‌ घरी ऱ्हायलं तर रोज न्हाई. दोन सुना कामाच्या असल्या तरी एकच जाती. माजी सगळी टोळी अर्धीच हाय बगा, पाव्हणं. अर्धी ड्रमापाशी बसल्याली.”

माझ्या फळ्यावरचा शेवटचा बाण आठवला, ‘गरिबी कमी’कडे जाणारा. तो ओढ्याशी येऊन थांबत होता. त्याला पलीकडे न्यायला पाइप लागत होता, पाइपला ठराव लागत होता, ठरावाला शंभर माणसं लागत होती, आणि ती माणसं एकतर ड्रमापाशी, नाहीतर कांद्यात होती.

तोंडाची आग थोडी कमी झाल्यावर मी धीर द्यायला गेलो. “ताई, एक चांगलं आहे. तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही. कायद्यातच आहे. पुढच्या गुरुवारी चार माणसं असली तरी ठराव होतो.”

“ठाऊक हाय,” सुनंदाताई भाकरी मोडत म्हणाल्या. “पण चार माणसांत केलेला ठराव घेऊन अण्णा दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाणार. म्हणणार, बघा, गावाला नकोय, चौघांनी केलंय. तिथं चौकशी लागली की गेली आचारसंहितेपर्यंत. आणि चारांत अण्णाचीच तीन निघाली तर? मला व्हरांडा भरलेला पाहिजे.”

“मग बायकांना बोलवा.”

“रोज कोण देणार? तुमी?”

मी रश्श्याकडे परत वळलो. पारूबाई बाहेर ओट्यावर मिसरी लावत बसली होती. तिथूनच तिने सुनेला विचारलं, “गुरुवारी कुनाच्या कांद्यावर हाय गं आपन?”

“अण्णाच्याच. अजून आठवडाभर तिथंच हाय ना तुमी, आत्या.”

“व्हय व्हय,” पारूबाई म्हणाली, आणि पुन्हा मिसरी लावू लागली.

श्रीरामपूर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पळ काढला. त्याला दुसरा शब्द नाही. भास्करचा टेम्पो कांदा घेऊन श्रीरामपूरला निघाला होता. तिथून रेल्वे पकडून दौंडमार्गे घर गाठावं, भिंगारला राहिलेली बॅग मोहनला नंतर पाठवायला सांगावी, गाव आणि त्याची ग्रामसभा दोन्ही मागे टाकावीत, असा माझा बेत. टेम्पोत मी शांत बसलो होतो. पाय वर घेऊन.

श्रीरामपूरच्या आधीच रस्त्यात भास्करचा फोन वाजला. त्याने स्पीकरवर टाकला. आवाज अण्णांचा, पण कालचा गोडवा पातळ झालेला.

“भास्करराव, आईनं काय धरलंय बघा की. गुरुवारी टोळी येनार न्हाई म्हनती.”

“ग्रामसभा हाय म्हनून आसंल,” भास्कर म्हणाला. “सगळ्या बाया सभेला बसनार म्हनत हुती.”

“आरं, कधी बसल्या हुत्या का?”

“काल सरांनी सांगितलं न्हवं, प्रान हाय म्हनून. तुमीच टाळी वाजवली.”

टाळीचा विषय अण्णांनी तिथंच सोडला. मग म्हणाले, “आभाळ बघ जरा. टीव्हीवर पुढल्या गुरुवार-शुक्रवारला अवकाळी सांगत्यात. निम्मा कांदा काढून पडलाय वाफ्यात, पात कापायची ऱ्हायलीय. एक सर आली तर सडून जाईल सगळा.”

“मंग दुसरी टोळी बघा.”

“दुसरी कुठली? समद्या टोळ्या गुतल्यात.”

“मंग शुक्रवारी येत्याल की.”

“शुक्रवारी लई उशीर हुईल रे.”

“मंग आईशी बोला अण्णा. मी गाडीवर हाय.” भास्करने फोन ठेवला आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला. मिशीखाली हसू होतं, पण ते त्याने मला दाखवलं नाही.

श्रीरामपूरला मी स्टेशनजवळ उतरलो. गाडी उशिरा, किती ते कुणालाच माहीत नाही. रस्त्यापलीकडे चर्च, त्याच्या कुंपणाच्या सावलीत सायकली टेकवलेल्या. शेजारच्या बेकरीत चहा घेतला. खारी मागितली तर काउंटरमागच्या बाई म्हणाल्या, “उपास आहेत आमचे, मी काही खात नाही, पण तुम्ही खा. ताजी आहे.” मला वाटलं होतं उपास म्हणजे साबुदाणा, इथे चाळीस दिवसांचा होता आणि साबुदाण्याचा त्यात संबंध नव्हता. मी खारी खाल्ली. नंतर घरी बायकोला फोन लावून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तिथेही सेक्रेटरीपणा केलात?”

कांदा उतरवून भास्कर टेम्पो घेऊन पुन्हा स्टेशनवरून निघाला, तेव्हा मी अजून बाकावरच होतो, मांडीवर छत्री घेऊन. त्याने टेम्पो थांबवला.

“गाडी न्हाई आली?”

“नाही.”

“मंग गुरुवारी सभेला या. तुमच्यामुळं झालंय सगळं, बघाया तरी या.”

गाडीचा उशीर आणि मनाची लाज या दोहोंत कशामुळे मी उठलो ते आजही सांगता येणार नाही. भिंगारला परत गेलो. मंजिरीने दार उघडलं आणि सरळ चहा टाकायला गेली. मोहनने तिला आधीच सांगितलं असणार.

पुन्हा करंजवेढे

गुरुवारी आभाळ आलं होतं. उकाडा असा की शर्ट पाठीला चिकटून राहिलेला. माझ्या छत्रीकडे बघून सोनईच्या स्टँडवर पहिल्यांदाच कुणी हसलं नाही.

शाळेच्या व्हरांड्यात तीच सतरंजी आणि तीच तीसएक माणसं. भाऊसाहेबांनी माझ्याशी नमस्कारापुरतं बोलणं ठेवलं. आचारसंहिता आज संध्याकाळी लागणार, अशी तालुक्याहून कुजबुज आली होती. कुणी म्हणे उद्या, कुणी म्हणे लागलीसुद्धा. सुनंदाताई दर थोड्या वेळाने फोन बघत होत्या. बातमी नाही आणि बायकाही नाहीत. मी यावेळी खुर्ची नाकारली आणि सतरंजीच्या कडेला खाली बसलो. कुणी मला दोन शब्द बोलायला सांगितलं नाही.

“आत्या येतो म्हणल्या हुत्या,” सुनंदाताई स्वतःशीच म्हणाल्या. “दोन दिवसांपासनं अण्णाशी काय बोलणं चाललंय, मला सांगत न्हाईत.”

तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. शाळेच्या फाटकातून ट्रॅक्टर आत शिरला, मागे ट्रॉली, आणि ट्रॉलीत टोळी. नुसती पारूबाईची टोळी नव्हे. ड्रमापाशी बसणाऱ्या बायकाही होत्या, तान्ही पोरं घेतलेल्या, नव्या सुना, काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्या. ट्रॅक्टर अण्णा स्वतः चालवत होते. पांढऱ्या शर्टाला ग्रीसचा डाग.

नंतर कळलं तो व्यवहार असा झाला होता. पारूबाईने सांगितलं होतं, सभा होईस्तोवर कुणी कांद्याला हात लावणार नाही. आणि सभेला वेळ लागला तर शुक्रवारीही दमलेल्या असू. अण्णांनी तिला दोन दिवस गोड बोलून पाहिलं, मग आभाळ पाहिलं, आणि शेवटी स्वतःच म्हणाले, मी आणतो तुम्हाला, मीच परत नेतो, सभा उरकली की थेट वाफ्यात. आणि त्या दिवशी वस्तीतल्या सगळ्याजणी कांद्याला येणार, अर्धी टोळी नाही. पाणी? एक दिवस टँकर आला तर भाऊसाहेबांचा शिपाई ड्रम भरून ठेवील, हेही अण्णांनीच जमवलं.

बायका उतरल्या, सतरंजीवर बसल्या, सतरंजी संपली तेव्हा फरशीवर बसल्या. व्हरांडा भरला. मोटारसायकलवरची तरुण मंडळी उतरून भिंतीशी उभी राहिली. अण्णा ट्रॅक्टरवरून न उतरताच म्हणाले, “भाऊसाहेब, लवकर उरका. आभाळ थांबनार न्हाई.”

सुनंदाताईंनी माईक हातात घेतला आणि बारीक आवाजात म्हणाल्या, “भाऊसाहेब, मोजा.”

अण्णांनी वर आभाळाकडे पाहिलं. ते हसले असं मला वाटतं. माणूस तसा वाईट नव्हता.

मग कमानीवर थोडं बोलणं झालं. एक म्हातारा म्हणाला, कमान झाली तर येणाऱ्या माणसाला गाव कळतं. फरशीवरची एक तरुण बाई, कडेवर पोर, म्हणाली, “आमाला कमानीखालनं जायचं काय काम पडत न्हाई बाबा. ओढ्यातनं जातो आमी.” हशा झाला, अण्णाही त्यात होते. ते म्हणाले, “कमानीचं पुढच्या साली बघू. हात वर करा आन्‌ मोकळं व्हा.”

पाइपलाइनचा ठराव मंजूर झाला. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण यानंतर जे सांगायचं आहे त्यात माझी मान खाली असेल. दुसऱ्याच दिवशी सकाळी चर खणायला सुरुवात झाली, आणि आचारसंहिता त्यानंतर लागली. अवकाळी आली, पण अण्णांचा कांदा तोवर पात कापून ढिगात झाकलेला होता. मोहनने परवा फोनवर सांगितलं की पाइप ओढ्यापलीकडे पोचलाय, नळांना तोट्या अजून बसायच्या आहेत, आणि टँकर अजून येतो, नेम नसलेलाच. सुनंदाताईंची मुदत संपली. त्या आता पारूबाईबरोबर कांद्याला जातात. खुर्चीवर कुणीतरी दुसरं बसलं आहे आणि तोट्यांसाठी त्याच्याकडे खेपा सुरू आहेत. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीला एवढी वर्षं झाली आणि ती अजून ओढा ओलांडते आहे, हळूहळू, थांबत थांबत. दमलेलं माणूस चालतं तशी.

आता त्या दिवसाचं उरलेलं. ठरावाच्या बाजूने हात वर करा, असं भाऊसाहेबांनी म्हटलं, आणि समोर कांद्याने काळे झालेले हात वर गेले, एकामागून एक, काही तर लहान पोरांचे हात धरून वर केलेले. मी आयुष्यभर हेच शिकवलं होतं आणि कधी पाहिलं नव्हतं. नीट दिसावं म्हणून मी मान उंच केली. मोजता मोजता भाऊसाहेब थांबले. सतरंजीच्या कडेला बोट दाखवून त्यांनी विचारलं, “हा हात कोणाचा?”

माझाच होता. छत्रीसकट वर गेलेला. कधी गेला ते मला कळलंच नव्हतं.

सगळी सभा माझ्याकडे वळली. ट्रॅक्टरवर अण्णांनी मान पुढे काढली. परगावच्या माणसाने मत दिलं म्हणून सबंध सभाच पुन्हा तहकूब करता येते का, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. मग त्यांनी आभाळाकडे पाहिलं आणि हिशेब सोडून दिला. सुनंदाताईंनी डोळे मिटून घेतले.

पारूबाई माझ्या पुढच्याच रांगेत बसली होती. ती मागे वळली, तिने माझा हात मनगटाला धरला आणि खाली ओढला.

“गप बसा, पाव्हणं,” ती म्हणाली. “एकदा मोडलीत तेवढी बास झाली.”